ढगकाका

सोलरचा माणूस घरी आला की आधी छपराकडे बघतो. ढगकाकांनी आमच्या छपराकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. पडवीत चपला काढल्या, तांब्याभर पाणी प्यायले, खिशातून जाड भिंगांचा चष्मा काढला आणि माझ्या नवऱ्याला, संजयला, विचारलं, "रात्रीचं काय काय चालतं तुमच्याकडे?" संजय उत्साहाने उन्हाबद्दल सांगायला लागला. सड्यावर, या उघड्या कातळाच्या पठारावर, झाड नाही, सावली नाही, सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत नुसता जांभा तापतो, वगैरे. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. "ऊन मला ठाऊक आहे. ढगांचं बोला. मागच्या पावसात सलग किती दिवस सूर्य दिसला नाय?" आम्ही ठाण्याहून येऊन नुकतं घर बांधलेलं, मोजलं होतं कुणी? काकांनी मोजलं होतं. त्यांच्या पिशवीत एक वही होती, तिच्यात कित्येक पावसाळ्यांचा प्रत्येक दिवस एका चौकोनात. उघडा असेल तर कोरा, ढगाळ असेल तर पेन्सिलीने काळा केलेला. पंचक्रोशीत त्यांना ढगकाका का म्हणतात ते त्या दिवशी कळलं.

आमच्या सड्यावर वीज आलेली नाही. शेवटचा खांब खाली रस्त्याला आहे. तिथून वर खांब आणायचे तर मधल्या जमिनीतून न्यावे लागतात आणि त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर एवढी नावं आहेत की सगळ्यांची संमती गोळा करता करता माणूस म्हातारा होईल. निम्मी नावं मुंबईत, काही कुठे आहेत ते कुणालाच माहीत नाही. म्हणून सोलर. रत्नागिरीतल्या एका दुकानदाराने आम्हाला चार पॅनल आणि दोन बॅटऱ्यांचं 'पॅकेज' सांगितलं होतं आणि त्यात टीव्ही, फ्रिज, पंखे, मिक्सर सगळं आरामात चालेल असंही सांगितलं होतं. काकांनी तो कागद वाचला, घडी घातली आणि परत दिला. मग पिशवीतून एक छोटा मीटर काढला. "हा फ्रिजला लावून ठेवा. तुमच्या नातेवाइकांकडे खाली वीज आहे ना? तिथे आठ दिवस लावा. फ्रिज कंपनीच्या कागदाप्रमाणे वागत नाय. तुम्ही दार किती वेळा उघडता त्याप्रमाणे वागतो."

आठ दिवसांनी ते आले आणि आम्हाला मिळालं त्यापेक्षा आमचं गेलंच जास्त. गिझर गेला. इस्त्री भर दुपारी, तीही पावसाळ्यात नाही. पंखे बदलायला लावले, कमी वीज खाणारे घ्यायला लावले. रोजचा सगळा वापर दोन युनिटांवर आणून ठेवला. मग म्हणाले, "आता दोनाला तीनाने गुणा. तीन ढगाळ दिवस. झाले सहा. आता ते दुप्पट करा, कारण ॲसिडची बॅटरी घेताय. तिच्यातली अर्धी वीज आपली, अर्धी तिची. तिची घेतलीत तर दोन वर्षांत मरेल." संजयने विचारलं, एवढा खर्च बॅटरीवर? पॅनलला तर याच्या निम्मेही लागत नाहीत. काका हसले. "पॅनल स्वस्त झालीत. ऊन पकडायला आता पैसे लागत नाय. रात्रीसाठी लागतात."

त्यांना गिऱ्हाईक घालवायची भीती कधीच वाटली नाही. संगमेश्वरकडच्या एका हॉटेलवाल्याने त्यांच्यासमोर बॅटऱ्यांची संख्या निम्मी करायला सांगितली, तेव्हा ते चहा अर्धा टाकून उठले होते. त्या माणसाने दुसऱ्याकडून काम करून घेतलं आणि एकाच पावसाळ्यात त्याच्या बॅटऱ्या फुगून बसल्या. आम्हाला वाटलं, काका आता ही गोष्ट चवीने सांगतील. ते एसटीने तिकडे गेले, दोन दिवस राहिले आणि त्यातल्या दोन बॅटऱ्या वाचवून आले. मजुरीही घेतली नाही.

या कडकपणामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. काका अठ्ठावीस वर्षं मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिशियन होते. एका जहाजावर भर समुद्रात वीज गेली. आपत्कालीन बॅटऱ्या अर्धा तास चालतील असं फळ्यावर लिहिलेलं होतं, त्या अकरा मिनिटांत बसल्या. त्यांची चाचणी न घेताच कुणीतरी तारखा भरत गेला होता. अंधारात एक खलाशी इंजिनरूमच्या शिडीवरून खाली पडला आणि उठला नाही. "तारखा भरणारा मी नव्हतो," काका म्हणाले, "पण फळा मी रोज बघायचो. बघून पुढे जायचो." त्यानंतर कुठल्याही आकड्यावर त्यांनी आधी अविश्वास दाखवला आणि नेहमी वाइटातला वाईट दिवस धरून गणित केलं.

काकांचं घर आमच्या पलीकडे, मध्ये एक पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. उन्हाळ्यात त्यातून चपला न भिजवता जाता यायचं आणि पावसाळ्यात चार-चार दिवस जाताच यायचं नाही. निवृत्त झाल्यावर काकांना रत्नागिरीत फ्लॅट घ्यायचा होता. सड्यावरचं घर काकूंचं. म्हणजे हट्ट काकूंचा. त्या आंजर्ल्याच्या, समुद्र दिसल्याशिवाय त्यांना घरात बसल्यासारखं वाटायचं नाही. नवरा वर्षातले नऊ महिने पाण्यावर आणि आपण भाड्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, अशी त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. मूलबाळ झालं नाही. म्हणून त्यांनी पश्चिमेला मोठी पडवी असलेलं घर बांधून घेतलं होतं आणि संध्याकाळी त्या पडवीत बसलेल्या असल्या की आमच्या अंगणातून त्यांची पांढरी साडी दिसायची. काका वही घेऊन आकाशाकडे बघत उभे राहिले की त्या मला म्हणायच्या, "बघ. देवाने एवढा सूर्य दिलाय समोर, आणि ह्यांचं लक्ष ढगात."

तीन वर्षांपूर्वी काकूंना दम लागायला लागला. पऱ्या ओलांडून आमच्याकडे येणं बंद झालं, मग अंगणात येणं बंद झालं. डॉक्टरांनी फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत असं सांगितलं. औषध फारसं नाही. घरी ऑक्सिजनचं मशीन लावायचं, दिवसरात्र.

मशीन आलं त्या दुपारी मी तिथे होते. काकांनी ते खोक्यातून काढलं, काकूंच्या नाकाला नळी लावायच्या आधी त्याला आपला तो छोटा मीटर लावला आणि आकड्याकडे बघत उभे राहिले. काकू खाटेवरून म्हणाल्या, "अहो, आधी मला लावा. मग त्याला लावा." मी हसले. काका हसले नाहीत. मशीन दिवसरात्र चालणार, म्हणजे आठ युनिट. आमच्या अख्ख्या घराच्या चौपट, आणि एक मिनिटही थांबून चालणार नाही.

उन्हाळा निभावला. काकांनी जवळचं होतं नव्हतं ते मोडून पॅनल वाढवली आणि लिथियमच्या दोन बॅटऱ्या घेतल्या. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाराच्या आत सगळं भरून जायचं, रात्रभर मशीन घरघरत राहायचं आणि काकू पडवीत खाट टाकून समुद्राकडे बघत पडायच्या. पण मे संपायला आला तशी काकांची ती वही बाहेर आली. एका रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं. "बाय, तू शाळेत गणित शिकवतेस. माझं कुठे चुकतंय ते सांग."

चुकत नव्हतं. आठ युनिट, तीन ढगाळ दिवस, चोवीस. ॲसिडच्या घेतल्या तर दुप्पट, अठ्ठेचाळीस युनिट, म्हणजे सव्वीस-सत्तावीस बॅटऱ्या लागतील आणि त्या ठेवायला वेगळी खोली. लिथियमच्या आणखी तीन-चार तरी हव्यात, आणि पावसात पॅनल पाचवा हिस्साही देत नाहीत म्हणून ती दुप्पट. सगळं मिळून काही लाख, आणि तेवढे त्यांच्याकडे आता उरले नव्हते. आम्ही थोडे देऊ शकत होतो, ते फार थोडे होते. शिवाय वहीत तीनच काळे चौकोन कुठे होते? एका आषाढात सलग अकरा होते. जनरेटर होता, लहानसा, पेट्रोलवरचा. "पेट्रोल आणायचं पऱ्यातून," काका म्हणाले. "सत्तर वर्षांचा मी. कॅन घेऊन घसरलो तर? मी तिथे पडलेला आणि ही इथे. फोन लागत नाय. ऑक्सिजनचा सिलेंडर एकच, तो किती तास पुरेल?" त्यांनी प्रत्येक वाट शेवटपर्यंत जाऊन पाहिली होती. खांबांच्या संमतीसाठी मुंबईला दोन खेपाही घालून आले होते. मी कागद परत दिला आणि म्हणाले, "बरोबर आहे काका. पावसाळ्यापुरतं खाली यायला हवं."

काकू आतून ऐकत होत्या. काका कागद घेऊन त्यांच्या खाटेजवळ गेले. त्यांनी आठ, चोवीस, अकरा दिवस, सगळं नीट समजावून सांगितलं, जसं आम्हाला सांगितलं होतं, जसं कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगायचे. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "दर वर्षी मध्ये ऊन पडतं हो थोडं," एवढंच म्हणाल्या. काका म्हणाले, "पडेल म्हणून धरता येत नाय." काकू थोडा वेळ बाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. कागदच म्हणतोय तर."

खोली मीच शोधून दिली. रत्नागिरीत, माझ्या शाळेपासून जवळ, तळमजल्यावर, दवाखाना पाच मिनिटांवर. वीज होती, वीज गेली तर मालकाचा इन्व्हर्टर होता. सगळं काकांच्या कागदात बसणारं. एक खिडकी होती, ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. काकूंनी आत आल्यावर ती भिंत पाहिली आणि नळी सारखी करत खाटेवर बसल्या. "झालं," म्हणाल्या. कशाला उद्देशून ते मी विचारलं नाही.

पहिला आठवडा पाऊस असा कोसळला की पऱ्या दोन्ही बाजूंनी फुटून वाहू लागला. आमच्याकडे फ्रिज बंद करावा लागला. शाळा सुटल्यावर मी खोलीवर जायची, तर काका दारातच विचारायचे, "वर कसं आहे? आमच्या घराकडे जाता येतं काय?" मी नाही म्हटलं की मान हलवायचे. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत एक प्रकारचं समाधान असायचं. आपण बरोबर होतो, वेळेत खाली आलो.

मग पाऊस थांबला. भर आषाढात, एका सकाळी आभाळ धुऊन काढल्यासारखं निळं झालं आणि तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी ऊन, तिसऱ्या दिवशी ऊन. काका रिक्षाने सड्याच्या पायथ्याशी जायचे, वर चढून घर बघून यायचे. सहाव्या दिवशी मी त्यांना रस्त्यात गाठलं. "काका, आता नेऊ या का त्यांना वर? चार दिवस तरी?" ते माझ्यावर जवळजवळ ओरडले. "सहा दिवस ऊन पडलं म्हणजे पाऊस गेला काय? वर नेली आणि पाचव्या दिवशी पऱ्या भरला, मग?" खोलीत गेल्यावर काकूंनी त्यांना विचारलं, "कसं आहे हो वर?" आणि कधीही कुणाला एक आकडा खोटा न सांगणाऱ्या या माणसाने चप्पल काढत, काकूंकडे न बघता सांगितलं, "ढग आहेत."

खिडकीसमोरच्या भिंतीवर दुपारी एक पट्टा उन्हाचा यायचा. काकू काही आंधळ्या नव्हत्या. काका औषध आणायला बाहेर गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "ह्यांना वाटतंय मला कळत नाही. कळू देऊ नकोस मला कळलंय ते." दम लागला म्हणून थांबल्या. मग माझा हात धरून म्हणाल्या, "मला एक दुपार वर ने. तो छोटा सिलेंडर आहे ना, तो दोन तास पुरतो, डॉक्टर म्हणाले होते. ह्यांना सांगू नकोस. ते कागद काढतील. पडवीत अर्धा तास बसवून आण, बस." मी म्हटलं, "काकू, पऱ्यातून कसं न्यायचं तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "खुर्चीत बसवून. संजय आहे, आणखी दोन माणसं मिळतील. मी काही जड राहिले नाही आता." ते खरं होतं. मी म्हणाले, रविवारी बघू. शाळेच्या परीक्षा होत्या, संजय कामावर होता, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटली. त्या नको म्हणाल्या असत्या तरी मी आग्रह करून न्यावं, असं ऊन होतं त्या दिवसांत.

शुक्रवारी पहाटे त्यांना ताप भरला. दुपारपर्यंत दवाखान्यात, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास गेल्या. फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला, असं डॉक्टर म्हणाले. कुठेही असत्या तरी झालं असतं, खोलीत काय आणि सड्यावर काय. हे त्यांनी काकांना धीर द्यायला सांगितलं. काकांच्या कानांत त्यातून दुसरंच शिरलं: म्हणजे सड्यावर ठेवली असती तरी चाललं असतं.

पाऊस त्यानंतर चार दिवसांनी परतला.

काकूंचं दिवसकार्य झाल्यावर काका वर गेले आणि दोन दिवस खाली आले नाहीत, म्हणून मी आणि संजय बघायला गेलो. पडवीत बसून त्यांनी चार्ज कंट्रोलरमधल्या, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या पेटीतल्या, रोजच्या नोंदी उतरवून काढल्या होत्या. मशीन वर चालू असतं तर रोज किती वीज आली असती, किती गेली असती, कितीवर बॅटरी आली असती, दिवसामागून दिवस. काकू गेल्या त्या शुक्रवारच्या ओळीखाली त्यांनी रेघ मारली होती. कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "दोन दुपारी जनरेटर लावावा लागला असता. पहिल्या आठवड्यात. पेट्रोल घरात होतं तेवढं. पऱ्यात उतरावंसुद्धा लागलं नसतं. बाकी सगळे दिवस पुरलं असतं."

"काका," मी म्हणाले, "हे मे महिन्यात कुणाला कळणार होतं? तुमचं गणित बरोबरच होतं. मी तपासलं होतं."

"गणित बरोबरच होतं." काकांनी कागदाची घडी घातली. संजय अंगणात जाऊन उभा राहिला. मग काका म्हणाले, "किती दिवस जगेल ते काय माझ्या हातात नव्हतं, ते मला मेमध्येच माहीत होतं. धोका होता तो तिचा होता. मी तो माझा समजून मांडला. तिला समोर बसवून नुसतं सांगितलं. विचारलं नाय. एवढ्या लोकांच्या घरी गेलो, प्रत्येकाला विचारलं, तुम्हाला काय हवं, कशाशिवाय चालेल, कशाशिवाय नाय चालणार. हिला विचारलं नाय."

त्यांनी कामं घेणं बंद केलं. लोक येत राहिले, फोन करत राहिले. सोलरची मागणी तेव्हा वाढत होती, सरकारी योजनांची चर्चा होती, जो तो किती बॅटऱ्या लागतील विचारत होता. काका सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे, "मला सांगता येत नाय." लोकांना वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला. सड्यावर एकट्याला राहवेना, खालची ती खोली तर मी घाईनेच रिकामी करून दिली होती. काकूंचा धाकटा भाऊ आंजर्ल्याला असतो, तो म्हणाला, आमच्याकडे या. काका हो म्हणाले, कुणी काहीही म्हटलं तरी त्या दिवसांत ते हो म्हणायचे.

मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. आंजर्ल्याला जायला दापोलीची गाडी धरायची, ती लागायला उशीर होता. एक पिशवी आणि एक छत्री, एवढंच सामान. वही नव्हती, मी विचारलं नाही. आम्ही बाकावर बसलो. समोरच्या गाड्यांकडे बघत ते अचानक म्हणाले, "बाय, तू शेवटी शेवटी रोज यायचीस तिच्याकडे. मी नसायचो कधी कधी. तुला काही बोलली होती काय? घरी जायचं, असं काही?"

स्टँडवर भोंगा चालू होता, माणसं पळत होती. मला उत्तर द्यायला वेळ होता, भरपूर वेळ होता. हो म्हणाले असते तर त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांना मिळालं असतं आणि ते त्यांना जन्मभर पुरलं असतं. आणि हो म्हणाले असते तर त्यापुढचं विचारलं असतं त्यांनी, मग तू काय केलंस. ते माझ्या तोंडून निघालं नसतं.

"नाही काका," मी म्हणाले. "काही नाही बोलल्या."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आकड्याकडे बघायचे तसं, विश्वास न ठेवता, पण पुढे काही विचारलं नाही. गाडी लागली. मी पिशवी वर दिली. खिडकीतून त्यांनी हात केला नाही, मीही केला नाही.

पुढच्या चैत्रात आंजर्ल्याहून फोन आला. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं त्यांचा मेहुणा म्हणाला. स्टँडवर काकांशी खोटं बोलले ते मी संजयलाही सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, मग त्यांचं मन हलकं व्हावं म्हणूनच बोललीस ना तू. मी हो म्हणाले.